साळवेबाई पाण्यात घाई करत नसत

गुडगावातल्या आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात पहिल्याच सकाळी मी एका परक्या बाईंचा पाय धरला. नमस्कारासाठी नव्हे. तलावाच्या काठाला लावलेला नळ समजून धरला, आणि चांगला दोन्ही हातांनी धरला. त्या काठावर बसून पाय पाण्यात सोडून केसांना टोपी चढवत होत्या. मी अर्ध्या तलावापर्यंत पोहून आलो होतो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. त्या अवस्थेत माणसाला नळ आणि नडगी यांतला फरक कळत नाही.

पाय धरण्याआधी मी "आई गं" म्हटलं असणार. कारण वरून स्वच्छ मराठीत आवाज आला, "पाय राहू द्या हातात, माझी काही हरकत नाही. पण आधी श्वास सोडा."

मी हवेसाठी तडफडत होतो आणि या बाई सोडा म्हणत होत्या.

"घ्यायचाय मला... सोडू काय?" मी कसंबसं म्हटलं.

"घ्यायला जागा कुठाय? निघाल्यापासूनचा सगळा आत कोंडून ठेवलाय तुम्ही. सोडा तो. हां. आता येईल नवा."

खरंच आला. मग मला दिसू लागलं, आणि मी काय धरून ठेवलंय तेही दिसलं. मी पाय सोडून "सॉरी मॅडम, एक्स्ट्रीमली सॉरी" असं ऑफिसातल्यासारखं काहीतरी बोललो. बाईंनी टोपी नीट केली आणि म्हणाल्या, "रोज पळता ना तुम्ही? मी चौथ्या मजल्यावरून बघते. छान पळता." एवढं बोलून त्या पाण्यात उतरल्या आणि, अजिबात आवाज न करता, निघून गेल्या. साडीवरून इस्त्री फिरावी तशा.

या साळवेबाई. एस्तेर साळवे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात डेस्क ऑफिसर होत्या. मूळच्या नगरकडच्या. ऑफिसात 'साळवे मॅडम', सोसायटीत 'मिसेस साल्वे', माझी बायको शैला त्यांना 'एस्तेरताई' म्हणायची. मी मात्र मनातल्या मनात त्यांना नेहमी साळवेबाईच म्हटलं, कारण शाळेतल्या बाईंपुढे येते ती नरमाई त्यांच्यापुढे आपोआप यायची.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. नव्या नव्या परदेशी कंपन्या येत होत्या आणि माझ्यासारखी पुण्याची माणसं दुप्पट पगार आणि चौपट हुद्दा घेऊन गुडगावात राहायला येत होती. सोसायटीच्या भिंतीपलीकडे मोहरीची शेतं होती. वीज दिवसातून कितीदा जायची ते विचारू नये, लिफ्टला जनरेटर होता आणि जनरेटरला डिझेल नव्हतं. पिण्याचं पाणी टँकरने यायचं. पोहण्याचा तलाव मात्र बिल्डरने पहिल्या दिवसापासून काठोकाठ भरून ठेवला होता, कारण जाहिरातपत्रकाच्या मुखपृष्ठावर तोच होता. 'क्लब लाइफ' असं खाली लिहिलेलं. मी घर घेतलं ते त्या चित्राकडे बघून, हे शैलाला अजून सांगितलेलं नाही.

तर, माझी फुशारकी अशी होती की मी नियमित व्यायाम करणारा माणूस. सकाळी सोसायटीभोवती पळायचं, वर सूर्यनमस्कार. लहानपणी एका उन्हाळ्यात डेक्कनवर पोहायलाही शिकलो होतो. पहिल्या दिवशी घरातून निघताना शैलाला म्हणालो होतो, "पोहणं म्हणजे काय, आडवं पळणं." परत आलो तो सोफ्यावर आडवा झालो आणि ऑफिसला उशीर झाला. पळून आल्यावर मला कधी असं झालं नव्हतं. माझी मुलगी दिल्लीच्या शाळेत जायला लागल्यापासून तिचं मराठी पातळ होत चाललं होतं. तिने विचारलं, "आई, बाबांना काय झालं? सांस फूल गयी?" शैला म्हणाली, "दम लागला म्हणतात त्याला. बघून ठेव, शब्द लक्षात राहील."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना तेच विचारलं. म्हटलं, रोज पळणाऱ्या माणसाला अर्धा तलाव का झेपू नये?

बाईंना कुणी प्रश्न विचारला की लगेच उत्तर द्यायची सवय नव्हती. त्या आधी तो प्रश्न ठेवून घ्यायच्या. एक फेरी मारून आल्या, काठाला हात टेकला आणि म्हणाल्या, "पळताना तुम्ही श्वासाचा विचार करता का?"

"नाही."

"तिथे तो फुकट आहे. नाक उघडं, तोंड उघडं, केव्हाही घ्या. इथे तोंड पाण्यात. म्हणजे वेळ ठरवून घ्यायला लागतो. तुमचं शरीर घाबरतं आणि म्हणतं, मिळालाय तो ठेवून देऊ. मग छातीचा फुगा होतो, मान वर ताठ. मान वर आली की पाय खाली जातात. पाय खाली गेले की तुम्ही पुढे जाताय आणि तुमचेच पाय तुम्हाला मागे ओढताहेत. एकट्याने दोघांचं काम करता, आठल्ये. दमाल नाहीतर काय?"

"पण ताकद तर आहे ना माझ्यात?"

"तीच तर अडचण आहे. ताकद नसती तर पाण्याशी भांडला नसता."

मी ऑफिसात लोकांना प्रेझेंटेशनं द्यायचो. इतकं सोपं करून मला कधी काही सांगता आलेलं नाही.

बाईंचे वडील पाटबंधारे खात्यात होते आणि बाई पोहायला शिकल्या प्रवरेच्या पाटात. संथ, एका गतीने जाणाऱ्या पाण्यात. वडील काठाकाठाने सायकल हातात धरून चालायचे आणि मुली पाण्यातून त्यांच्या बरोबरीने यायच्या. पाट कधी घाई करत नाही, म्हणून पोरींनीही करायची नाही, एवढीच शिकवण. बाईंनी ती पुढे सगळ्या आयुष्याला लावली. ऑफिसला नेणारी चार्टर्ड बस सुटत असली तरी त्या धावायच्या नाहीत. ड्रायव्हर थांबायचा. त्याला ठाऊक होतं की या येणारच आहेत, आपल्या वेळेने.

त्यांच्या मंत्रालयातली एक गोष्ट त्यांच्या हाताखालच्या सेक्शनमधल्या कुलकर्ण्याने सांगितलेली. संसदेतल्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी जायचं होतं. जॉइंट सेक्रेटरींपासून शिपायापर्यंत सगळे कॉरिडॉरमधून पळत होते. मसुदा बाईंच्या टेबलावर आला. फक्त सही करायची होती. बाईंनी पाण्याचा ग्लास मागवला, तो प्यायला, आणि मसुदा वाचायला घेतला, ओळीखाली बोट ठेवून. साहेब दारात उभे. "मॅडम, प्लीज! जल्दी!" बाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेलं आणि म्हणाल्या, "सर, उत्तर बिल्कुल सही आहे. फक्त प्रश्न दुसरा होता." सगळ्यांनी मिळून गेल्या आठवड्यातल्या प्रश्नाचं सुंदर उत्तर तयार केलं होतं.

तर अशा बाईंनी मला शिकवायला घेतलं. त्यांची पद्धत विचित्र होती. त्या पाण्यात गुणगुणायच्या. चर्चमधली मराठी गाणी, लहानपणापासून पाठ असलेली. तोंड पाण्यात घालून एक ओळ गुणगुणायची, ओळ संपली की मान वळवून श्वास घ्यायचा. गुणगुणताना श्वास सुटतोच, कोंडून ठेवता येत नाही. जवळून गेल्या की पाण्याखालून भुंगा गेल्यासारखं वाटायचं. आमच्या शेजारचे खुराना पहिल्यांदा ते ऐकून पंप बिघडला म्हणून तक्रार करायला गेले होते.

"तुम्हाला काय पाठ आहे?" त्यांनी मला विचारलं.

मला म्हटलं तर पुष्कळ पाठ आहे, पण पाण्यात उतरलं की एकच आठवलं. आरती. गणपतीत घरी म्हणतो ती.

"म्हणा की. देव पाण्यातही ऐकतो."

मी सुरू केली. पहिलं कडवं उत्तम झालं. दुसऱ्या कडव्याला मला वाटलं, अरे, जमलं. तिसऱ्या कडव्याला मात्र कसं कोण जाणे, हातपाय भराभर चालायला लागले, पाणी उडायला लागलं आणि मी धापा टाकत तलावाच्या मधोमध उभा राहिलो. सुदैवाने तिथे पाय पुरत होते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तिसऱ्या कडव्याला माझा बोऱ्या वाजला.

बाई पोहत पोहत जवळ आल्या. "तुमच्याकडे आरती शेवटी जलद होते का हो?"

होतेच. सगळ्या मराठी घरांत होते. पहिलं कडवं भक्तीने म्हणतात, आणि मग टाळ्यांचा वेग वाढत जातो, झांजवाला पोरगा पेटतो, प्रसादाचा वास येतो, आणि शेवटचं कडवं म्हणजे गाडी उतारावर सुटलेली असते. माझं शरीर वर्षानुवर्षांच्या सवयीने तिसऱ्या कडव्याला पळत सुटत होतं.

"मग आरती नको," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीला झोपवताना काय म्हणायचात? ते म्हणा. अंगाई कुणी घाईत म्हणत नाही."

मुलीला झोपवायचं खातं शैलाकडे होतं. मला अंगाईची दीड ओळ येत होती. त्या दीड ओळीवर मी तो उन्हाळा काढला.

आता साळवे सरांकडे यायला हवं, कारण बाईंच्या मनातली खरी गोष्ट त्यांच्यापाशी होती.

प्रभाकर साळवे दिल्लीतल्या एका शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे सर. बांबूसारखे सरळ. गळ्यात शिट्टी, समोर एकही मूल नसताना. लिफ्ट चालू असली तरी ते चौथ्या मजल्यावर जिन्याने जायचे, आणि बंद असली की अधिक आनंदाने जायचे. सकाळी पळताना ते मला मागून येऊन गाठायचे आणि ओलांडता ओलांडता, माझ्या आडनावासकट सगळं हिंदी करून, ओरडायचे, "अठाले! घुटना ऊपर! कंधे पीछे!" आख्ख्या सोसायटीत त्यांच्याइतका धट्टाकट्टा माणूस नव्हता. आणि रोज सकाळी बाई पोहत असताना हे सर बाहेर बाकावर ताठ बसून असायचे, मांडीवर बाईंचा टॉवेल.

मी एकदा सहज विचारलं, "सर येत नाहीत पाण्यात?"

बाईंनी प्रश्न ठेवून घेतला. फेरी मारून आल्या. पण यावेळी उत्तर द्यायला त्यांना आणखी एक फेरी लागली.

"आम्ही दिल्लीला लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा," त्या म्हणाल्या, "मी सरकारी तलावावर जायचे. तिथे बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी. हे मला स्कूटरवरून सोडायचे आणि गेटबाहेर उभे राहायचे. आत काय आहे ते त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नाही. इतकी वर्षं मी पोहतेय, आठल्ये, आणि माझ्या नवऱ्याने मला पोहताना पाहिलं ते इथे आल्यावर. पाटी बघितलीत ना? फॅमिली अवर. नवराबायको, मुलं, सगळ्यांनी एकत्र यायचं. ही पाटी वाचली तेव्हा मला काय वाटलं ते सांगून कळायचं नाही."

हा फ्लॅट त्यांच्या मुलाचा होता. तो सॉफ्टवेअरच्या कामासाठी अमेरिकेला गेला होता आणि ही दोघं तो सांभाळत होती. सप्टेंबरअखेर बाई निवृत्त होणार होत्या. सप्टेंबरअखेरच तलाव हिवाळ्यासाठी बंद होणार होता. त्यानंतर दोघं कायमची नगरला, बाईंच्या भावाशेजारी बांधलेल्या घरात.

"आणि नगरला फॅमिली अवर नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे हाच एक उन्हाळा. एकदा दोघांनी मिळून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचंय मला. बस."

"मग सांगा ना सरांना."

"सांगितलं. एप्रिलमध्ये उतरले होते."

तो प्रसंग मी पाहिला नव्हता, पण खुरानांनी पाहिला होता आणि ते तो साभिनय सांगायचे. सर गुडघ्यापर्यंतची निळी चड्डी आणि गळ्यात शिट्टी अशा वेषात उतरले. बाई मध्यावर वाट बघत थांबल्या. सरांनी छाती भरून घेतली, तोंड मिटलं आणि सुटले. दंड असे चालले की काठावरच्या वर्तमानपत्रांवर पाणी. खुराना ओरडले, "वाह मास्टरजी, पूरा पूल खाली कर दोगे!" बाईंपर्यंत पोचायच्या आधीच सर थांबले. चेहरा लालबुंद. दोरीला लटकून राहिले. चौथ्या मजल्यावर जिन्याने जाणारा माणूस, त्याला बोलता येईना. बोलता आलं तेव्हा पहिलं वाक्य हे, "क्लोरीन जास्त झालंय."

दुसऱ्या दिवसापासून बाकावर. मी त्यांच्याशी विषय काढून पाहिला तर म्हणाले, "आठल्ये, मी या वयात दहा किलोमीटर पळतो. माझी नाडी बघा. पाणी हा व्यायामच नाही. पाणी हा गैरसमज आहे."

ते हसत नव्हते. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना 'दमलास? एवढ्यात?' म्हटलं, त्याला बायकोदेखत दम लागला होता. मला ते समजत होतं. पुण्यात पळणारा म्हणून माझं नाव होतं तेव्हा मीही चढावर थांबलो की बुटाची नाडी बांधायचो.

बाई त्यांना एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त एकदा, टॉवेल घेताना म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं पोरांना सावधान-विश्राम केलंत. तुम्ही स्वतः विश्राम कधी केलात?" सर म्हणाले, "मी ऑर्डर देणारा होतो, एस्तेर."

जूनमध्ये मला एक धक्का बसला. मी माझ्या दीड ओळीवर बरा चाललो होतो. एके सकाळी बाई काठावर आल्या आणि माझ्यासमोर, मोठ्याने, बाकाकडे बघून म्हणाल्या, "अहो, हे आठल्ये काही माझ्याच्याने होत नाहीत. हातापायांचा मेळच नाही. तुम्ही बघा जरा."

मी दुखावलो. खोटं कशाला बोलू? आदल्याच दिवशी त्या मला 'छान चाललंय' म्हणाल्या होत्या. पण सर बाकावरून उठले होते. कुठलाही मेळ नसलेला माणूस दिसला की पी.टी.च्या सरांच्या अंगात येतंच.

"चलो अठाले!" शिट्टी वाजली. "एक, दो! एक, दो! सिर नीचे! अरे नीचे म्हणजे नीचे!"

माझे कान पाण्यात. मला काही ऐकू येईना. सर काठावर वाकून ओरडायचे, मी मान वर काढून "काय?" विचारायचो, आणि मान वर काढली म्हणून ते आणखी ओरडायचे. दोनतीन दिवसांनी वैतागून ते पहिल्या पायरीवर उतरले. पाऊल भिजलं. मग पुढच्या पायरीवर. मी काही सुधारत नव्हतो, त्यामुळे त्यांना आणखी खाली यावं लागत होतं. माझ्या नालायकपणाचा इतका सदुपयोग आयुष्यात कधी झाला नव्हता. जुलैत ते कंबरभर पाण्यात माझ्या पोटाखाली हात धरून उभे होते आणि माझ्या सात पिढ्यांचा हिंदीत उद्धार करत होते. पावसाची भुरभुर असली तरी चुकायचे नाहीत. बाई आपल्या पलीकडच्या बाजूने, इस्त्री फिरवत.

मी रोज घरी येऊन शैलाला हे सगळं सांगायचो. ती पोळ्या लाटता लाटता ऐकायची. एकदा म्हणाली, "तुम्ही खरंच इतके वाईट पोहता, की सरांसाठी?"

"सुरुवातीला खरंच," मी म्हटलं. "आता थोडं प्रयत्नाने."

तो ऑगस्ट संपता संपताचा दिवस. मी तलावाच्या लांबीने निघालो होतो आणि सर माझ्या शेजारून पाण्यात चालत होते, शिव्या चालूच. "नीचे देखो! पैर सीधे! अरे, सायकल चालवतोयस का? कमरेतून! कमरेतून!" पुढे तळ उतरता होता. मी दीड ओळ गुणगुणत खोल बाजूला गेलो. सरांचं बोलणं संपलं नव्हतं. ते थांबणार कसे? विद्यार्थी चुकतोय आणि सर मधेच गप्प बसलेत, हे त्यांच्या आयुष्यात कधी घडलेलं नव्हतं. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा त्यांनी पाय उचलले असावेत. मला दिसलं नाही, पण ऐकू येत होतं. एक वाक्य पाण्याखाली बुडबुड, मग मान वळवून श्वास, मग पुढचं वाक्य. "कंधा... बुडबुड... ढीला छोड... बुडबुड... नालायक..." रागावताना माणसाचा श्वास कोंडत नाही. तो सुटतच असतो. बाईंना गाणं लागायचं, मला अंगाई, सरांना फक्त एक नालायक विद्यार्थी हवा होता.

माझा हात पलीकडच्या काठाला लागला. पाठोपाठ त्यांचा.

सरांनी मागे वळून बघितलं. सगळा तलाव मागे होता. ते तसेच बघत राहिले. छाती वरखाली होत होती, पण नेहमी पळून आल्यावर होते तितकीच.

काठाला एका हाताने धरून बाई तिथेच होत्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. यावेळी क्लोरीन खरंच जास्त असेल.

"आलात?" एवढंच त्या म्हणाल्या.

"हा आठल्ये ऐकत नाही," सर म्हणाले. "म्हणून यायला लागलं."

"बरोबर आहे. चला आता परत."

आणि दोघं परत निघाली. मला कुणी चला म्हटलं नाही. मी काठाला धरून नाकातलं पाणी काढत बसलो. मधोमध सरांची गती वाढली, पाणी उडालं, तेव्हा बाई शेजारून काहीतरी म्हणाल्या आणि पाणी शांत झालं. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, आणि ते बरंच झालं.

सप्टेंबर तसाच गेला. मला शिकवायचं सरांनी सोडून दिलं होतं. त्यांनी माझ्यावर कधी नापासाचा शिक्का मारला नाही, फक्त त्यांना वेळ नव्हता. तलाव बंद व्हायचा दिवस रविवार होता, बाईंचं ऑफिस आदल्या शुक्रवारीच संपलं होतं. मी जरा उशिराच गेलो. खोल्या आवरणं, पेटारे, ट्रकवाला, अशी त्यांची गडबड असणार, कुणी येणार नाही असं मला वाटलं होतं. पण दोघं होती. पोहत नव्हती. पाण्यावर उताणी पडून होती. बाई पाण्यावर टाकलेल्या ओढणीसारख्या पसरलेल्या. सर मात्र हात मांड्यांना चिकटवून, टाचा जुळवून, सावधानमध्ये तरंगत होते. त्यामुळे पायांकडून हळूहळू बुडत होते. बाईंनी न बघताच हात लांब करून त्यांच्या मानेखाली दोन बोटं ठेवली. थोड्या वेळाने सरांच्या टाचा सुटल्या. मग हात सुटले. भिंतीपलीकडे शेतात कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला होता, त्याचा आवाज येत होता, आणि ही दोन माणसं आकाशाकडे तोंड करून, कुठेही न जाता, पाण्यावर होती.

मी पाण्यात उतरलो नाही. कपडे घातले आणि घरी आलो. दुपारी ट्रक आला, बाई आपल्या गतीने जिना उतरल्या, सरांनी शिट्टी वाजवून ट्रकला मागे घेतलं, आणि साळवे मंडळी गेली. पुढच्या वर्षी कंपनीने मलाही मद्रासला धाडलं, त्यामुळे परत भेट झाली नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलं आहे ते सकाळचंच.

त्या सकाळी मी घरात शिरलो तोच हाका मारत. शैलाला स्वयंपाकघरातून बोलावून बसवलं आणि सगळं सांगितलं, मानेखालची दोन बोटंसुद्धा. मी म्हटलं, "इतक्या वर्षांनी बघ, नवराबायको एका पाण्यात. फॅमिली अवर म्हणजे काय ते मला आज समजलं."

शैलाने पदराला हात पुसले. जरा वेळ माझ्या कोरड्या टॉवेलाकडे बघितलं.

"हो का?" ती म्हणाली. "आणि एप्रिलपासून तुम्ही तिथे कुणाच्या फॅमिलीत जात होतात?"